मधल्या ताकदीचा चेनसॉ घेताना: आधी दुकान तपासा, मग मशीन

गरम झालं की परत चालू न होणं हा चेनसॉचा सगळ्यात छळवादी आजार. सकाळी गार असताना तिसऱ्या ओढीला सुरू होतो, तासभर लोण्यासारखा कापतो, आणि चहाला म्हणून बंद केला की संपलं. गडी दोरी ओढून ओढून घामाघूम, खाली सोसायटीचे सेक्रेटरी गाड्या कधी लावायच्या म्हणून विचारतायत, आणि अर्धी कापलेली फांदी पार्किंगवर लोंबतेय. आमच्याकडे असंच एक मशीन होतं. ५८ सीसी, २२ इंची बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी), अंगावर मोठ्या अक्षरांत कसलं तरी इंग्रजी नाव. माझे दीर हा धंदा बघायचे तेव्हाचं ते.

मी वारज्यात राहते. कोथरूड, कर्वेनगर, बावधन या पट्ट्यातल्या सोसायट्यांची झाडं छाटायची, पडलेली झाडं तोडून उचलायची कामं घेते, आणि मुळशीकडच्या दोन-तीन फार्महाऊसचं जळाऊ लाकूडही आम्हीच कापून देतो. त्यामुळे इथे जे लिहितेय ते ४५ ते ५५ सीसीच्या मशीनबद्दल आहे. मोठ्या लाकडाचे ठेके घेणाऱ्यांना ७० सीसीच्या खाली भागत नाही, त्यांचं गणित वेगळं. आणि ज्यांना वर्षातून एकदा दारातला पेरू छाटायचा आहे त्यांनी चांगली हातकरवत घ्यावी, सुखी राहाल.

आधी जुन्याचा निकाल लावा

नवीन घ्यायच्या आधी जुनं खरंच गेलंय का ते बघा. निम्म्या वेळा दोष मशीनचा नसतो, टाकीत दोन महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा असतो. टाकी रिकामी करा, पेट्रोल-ऑइलचं ताजं मिश्रण भरा, प्लग नवा घाला. टाकीच्या आत नळीच्या टोकाला एक छोटा फिल्टर असतो, तो वाकवलेल्या तारेनं बाहेर ओढा आणि बदला. नळी हातात आलीच आहे तर वाकवून बघा, कडक होऊन तडकली असेल तर तीही बदला. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती काजळीनं बुजली की मशीन वेगच घेत नाही आणि लोक कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतात. जाळी तारेच्या ब्रशनं घासा. हे सगळं एका संध्याकाळचं काम आहे आणि खर्च किरकोळ.

एवढं करूनही रडत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब बघा. बारला कव्हर घाला, प्लगची टोपी काढून ठेवा, पण प्लग जागेवर असू द्या. आता स्टार्टरच्या मुठीला धरून मशीन जमिनीपासून वीतभर उचला आणि त्याच्याच वजनानं खाली येऊ द्या. तब्येत ठीक असेल तर ते अडत अडत, टप्प्याटप्प्यानं खाली येतं. सरळ सुर्रकन खाली आलं तर पिस्टन-रिंगांचं काम झालेलं आहे. मेकॅनिककडे गेज असतो. दीडशे पीएसआयच्या आसपास आकडा आला तर चांगलं, शंभराच्या खाली गेला की गरम असताना चालू होण्याची आशा सोडा.

शेवटची तपासणी सायलेन्सर काढून. साधारण दोन-तीन स्क्रू असतात. तो निघाला की सिलेंडरची खिडकी दिसते आणि दोरी हळू ओढली की त्या खिडकीतून पिस्टन वर-खाली होताना दिसतो. मोबाईलचा टॉर्च मारा. चांगल्या पिस्टनची बाजू गुळगुळीत असते, त्यावर यंत्रावर घडवतानाच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसतात. आमच्या मशीनच्या पिस्टनवर उभे ओरखडे होते, नखाला लागतील एवढे खोल, आणि माचिसच्या काडीनं दाबली तरी रिंग हलत नव्हती. खाचेतच चिकटलेली. असं दिसलं की समजायचं, कधीतरी ऑइल कमी पडलंय किंवा कुठून तरी जादा हवा आत जातेय.

इथेच एक सापळा आहे. मेकॅनिक म्हणतो, "ताई, सिलेंडर-पिस्टनचं किट टाकू, नवीन होऊन जाईल." किट स्वस्त मिळतं म्हणून मोह होतो. पण हवा क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) सीलमधून आत जात असेल तर नवा पिस्टनही त्याच वाटेनं जाणार. ओळखायचं कसं? ट्रिगर सोडल्यावर मशीनचा आवाज लगेच खाली येत नाही, रेंगाळतो. किंवा मशीन आडवं-उभं केलं की आयडलचा, म्हणजे ट्रिगर सोडलेला असतानाचा वेग बदलतो. मग सील आणि किट दोन्ही बदलायचे, वर मजुरी. तो आकडा नव्या मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे जात असेल, किंवा त्या मशीनचे पार्ट फक्त ऑनलाइन मिळत असतील, तर मी विषय तिथेच बंद करते. आमच्या बाबतीत दोन्ही खरं होतं.

सीसीच्या स्टिकरवर जाऊ नका

बाजारात पाच-सात हजारांना मिळणाऱ्या मशीनांवर ५८ सीसी, ६२ सीसी असं लिहिलेलं असतं. पुस्तिका उघडून बोअर (सिलेंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) बघा. बोअर ४५.२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ३४ मिलिमीटर असेल तर सेंटिमीटरमध्ये हिशेब असा: ४.५२ गुणिले ४.५२ गुणिले ३.४ गुणिले ०.७८५. उत्तर साडेचोपन्न येतं, अठ्ठावन्न नाही. पुस्तिकेत बोअर-स्ट्रोक छापलेलेच नसतील तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालंय.

आणि खरे ५८ असले तरी काय? बघायचा आकडा किलोवॅटचा, आणि तो वजनाशेजारी ठेवून. स्टिलचं एमएस २५० हे ४५.४ सीसीचं मशीन २.३ किलोवॅट देतं आणि बार-चेन सोडून वजन ४.६ किलो. हस्कवर्नाचं ४४५ त्याच्याच बरोबरीचं, ४५.७ सीसी, २.१ किलोवॅट, ४.९ किलो. एक पायरी वर स्टिलचं एमएस २७१, ५०.२ सीसी, २.६ किलोवॅट, पण वजन थेट ५.६ किलो. त्याच ५०.२ सीसीत एमएस २६१ हे ३ किलोवॅट देतं आणि वजनाला ५ किलोच्या आत राहतं. ते व्यावसायिक वर्गातलं आहे आणि किंमतही तशीच. पुण्यातल्या प्रत्येक दुकानात ही सगळी मॉडेल मिळतीलच असं नाही. पण दुकानदार जे पुढे ठेवेल त्याचे हे तीन आकडे कागदावर लिहायचे आणि या आकड्यांशेजारी ठेवून बघायचे. पुस्तिकेत छापलेलं वजन रिकाम्या मशीनचं असतं हे विसरू नका. बार, चेन, पेट्रोल, चेन ऑइल धरून हातात दीड-दोन किलो जास्त येतात. पहिल्या तासाला हा फरक कळत नाही, तिसऱ्या तासाला गड्याच्या कोपराकडे बघितलं की कळतो.

कंपनाचा आकडाही पुस्तिकेत असतो, पुढच्या आणि मागच्या मुठीचा वेगवेगळा, मीटर प्रति सेकंद वर्ग असा. कमी तो बरा. ज्याला रोज चार-पाच तास मशीन धरायचं आहे त्यानं हा आकडा किलोवॅटइतकाच मनावर घ्यावा. वर्षानुवर्षं कंपन झेललेली बोटं थंडीत पांढरी पडतात, सुन्न होतात, आणि मग ते पूर्ण बरं होत नाही.

बार किती इंची घ्यायचा, यावर दुकानात सगळ्यात जास्त बढाया ऐकायला मिळतात. आमच्या जुन्या मशीनचा २२ इंची बार निव्वळ शोभेचा होता. पूर्ण बार लाकडात गेला की इंजिन दम टाकायचं. ४५-५० सीसीला १६ किंवा १८ इंच पुरे. १६ इंच म्हणजे ४० सेंटिमीटर, आणि दोन्ही बाजूंनी कापत आलं की त्याच्या दीडपट जाडीचा बुंधा आरामात होतो. आमच्याकडे काय येतं? गुलमोहर, जो जाड दिसतो पण आतून मऊ. सुबाभूळ, काशीद, निलगिरी. वादळात पडलेल्या रेन ट्रीच्या फांद्या, ज्या फांद्या कसल्या, स्वतंत्र झाडंच असतात. यात बार कमी पडण्याची वेळ क्वचित येते. चेन बोथट असण्याची वेळ रोज येते. मुळशीकडे वाळलेली बाभूळ कापायला लागली की तर दर टाकीला कानस हातात घ्यावी लागते.

एक स्पष्ट सांगते. हे मशीन जमिनीवर उभं राहून वापरायचं आहे. झाडावर चढून एका हातानं हे चालवणारे लोक पुण्यात रोज दिसतात, आणि कुठलंही सुरक्षित मशीन त्यांना वाचवू शकत नाही. वरच्या कामाला हातकरवत, लांब दांड्याचा कटर, किंवा त्याच कामाचं शिक्षण घेतलेल्या माणसाच्या हातात वरच्या मुठीचं छोटं मशीन. ४५ सीसीचं मशीन खाली.

दुकानाची परीक्षा

माझं मत विचाराल तर सगळी निवड इथे होते. दोन बऱ्या कंपन्यांच्या सारख्या ताकदीच्या मशीनांत जो फरक आहे, त्याच्या दसपट फरक दोन दुकानांत असतो. बोहरी आळीत आणि रविवार पेठेत अवजारांची दुकानं आहेत, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या बाजूला आहेत, मार्केट यार्डाकडे शेतीच्या अवजारांची आहेत. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं तिथे सगळी मशीनं एका छपराखाली हाताळायला मिळतात. प्रदर्शनात हाताळा, वजन बघा, पत्रकं घ्या. विकत मात्र तिथून घ्या जिथे तुम्ही बिघडलेलं मशीन स्कूटरवर टाकून अर्ध्या तासात पोहोचू शकता.

मी दुकानात गेले की मशीन बघतच नाही. पार्टची यादी पुढे करते. स्टार्टरची दोरी आणि स्प्रिंग. एअर फिल्टर. कार्बोरेटरचं डायफ्रॅम किट. क्लच ड्रम आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक. ऑइल पंपाचा वर्म, जो प्लास्टिकचा असतो आणि झिजतो. क्रँकचे सील. बारचे नट, जे हमखास गवतात हरवतात. म्हणते, हे पार्ट आत्ता काढून दाखवा आणि भाव सांगा.

एका दुकानात गल्ल्यावरचे काका म्हणाले, "ताई, पार्टचं टेन्शन घेऊ नका, मागवून देतो ना." मी म्हटलं, "काका, मागवून मीही घेईन. तुमच्या ड्रॉवरमध्ये काय आहे?" ड्रॉवरमध्ये प्लग होते. फक्त प्लग. दुसऱ्या दुकानात पोरानं मागच्या फळीवरून खोकी काढली, प्रत्येकावर पार्ट नंबर, आणि डायफ्रॅम किट दाखवताना स्वतःहून म्हणाला, "हे वर्षाला एकदा बदला, आताच्या पेट्रोलनं कडक होतं." त्या वाक्याला मी पाचशे रुपये जास्त द्यायला तयार होते. (जाता जाता: यादी मी वाचतेय, प्रश्न मी विचारतेय, पैसे मी देणार आहे, तरी उत्तरं माझ्यासोबत आलेल्या गड्याकडे बघून देणारे दुकानदार अजून आहेत. तो बिचारा माझ्याकडे बघतो. असं दुकान यादीतून आपोआप गळतं, कारण उद्या तक्रार घेऊन मीच जाणार आहे.)

मग मेकॅनिक कुठे बसतो ते विचारा आणि त्याच्या टेबलापर्यंत जा. दुकानात बसतो की "तो हडपसरला असतो, मशीन पाठवतो"? टेबलावर कॉम्प्रेशन गेज आणि क्रँककेस दाबून हवा कुठून गळते ते बघायचा पंप आहे का? त्याला एक साधा प्रश्न विचारा: आयडलला चेन फिरत राहते, काय कराल? "स्क्रू कमी करतो" एवढंच म्हणाला तर तो स्क्रूवाला. "आयडल बघतो, मग क्लचच्या स्प्रिंगा बघतो, तुटली असेल" म्हणाला तर बोलणं पुढे न्या. आणि शेवटचा प्रश्न, पुण्यासाठी खास: मेच्या अखेरीला मशीन आणून दिलं तर कधी मिळेल? वळवाच्या पावसात झाडं पडायला लागतात तेव्हा शहरातली सगळी बिघडलेली मशीनं एकाच आठवड्यात बाहेर येतात. त्या आठवड्यात पंधरा दिवसांची तारीख मिळाली तर आमचा हंगामच गेला. प्रामाणिक दुकानदार सांगतो, "मेमध्ये नका आणू, मार्चमध्येच सर्व्हिसिंग करून घ्या." अशांचं ऐकावं.

वॉरंटीचं कार्ड तिथेच उभं राहून वाचा. घरगुती वापर आणि धंद्यासाठी वापर यांना वेगळी मुदत असू शकते. बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या, जीएसटीचं पक्कं बिलच घ्या.

चेन आणि बार, थोडक्यात

नवीन मशीनला कुठली चेन लागते ते घ्यायच्या आधी विचारा, कारण पुढची पाच वर्षं तुम्ही चेनच विकत घेणार आहात. तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पिच (कड्यांमधलं अंतर), ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची) संख्या आणि गेज (त्या कड्यांची जाडी). मधल्या मशीनांना बहुतेक ०.३२५ इंच पिच असतो. गेज १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. "१६ इंची चेन द्या" म्हणून चालत नाही. स्टिलच्या २५० च्या १६ इंची बारला ६२ लिंक लागतात, हस्कवर्नाच्या १६ इंची बारला ६६. नवा बार घ्याल तेव्हा त्याच्या बुडाशी हे आकडे कोरलेले असतात, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सुट्या रिळावरून चेन कापून रिव्हेट मारून देणारा दुकानदार असेल तर उत्तम, स्वस्त पडतं आणि लिंक मोजून मिळते.

पेट्रोल आणि कार्बोरेटर

आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धी टाकी भरून मशीन कोपऱ्यात ठेवलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं, आणि टाकीतला फिल्टर तळालाच पडलेला असतो. म्हणजे चालू करताना इंजिनला ऑइल नसलेलं पाणी-मिश्रण मिळतं. पिस्टनवरचे उभे ओरखडे बऱ्याचदा इथून येतात. शिवाय डायफ्रॅम आणि नळ्यांचं रबर कडक होतं ते वेगळंच.

स्टिलच्या पुस्तिकांत स्पष्ट छापलेलं आहे की हातानं जुळवायच्या कार्बोरेटरच्या मशीनांत १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल असलेलं पेट्रोल वापरू नये, आणि एम-ट्रॉनिक म्हणजे स्वतःच मिश्रण जुळवणाऱ्या मशीनांना २५ टक्क्यांपर्यंत चालतं. एमएस २५० हे हातानं जुळवायचं, एमएस २६१ चं सी-एम मॉडेल एम-ट्रॉनिकवालं. तेव्हा हा प्रश्न दुकानदाराला तोंडावर विचारा: हे मशीन २० टक्क्यांच्या पेट्रोलवर चालेल असं पुस्तिकेत कुठे लिहिलंय? पान दाखवा. स्वयंचलित कार्बोरेटर महाग असतो, आणि बिघडला तर त्याचं निदान करायची साधनं त्याच कंपनीच्या डीलरकडे असतात, गावाकडचा मेकॅनिक हात लावत नाही. ज्यांचं काम शहरात आणि रोजचं आहे, त्यांनी पैसे असतील तर तो घ्यावा. ज्यांचं मशीन भोर-वेल्ह्याकडे असतं त्यांनी साधा घ्यावा आणि पेट्रोलवर लक्ष ठेवावं. ज्या पंपावर इथेनॉल नसलेलं महागडं पेट्रोल मिळतं, तिथे विचारून खात्री करून पाच लिटरचा कॅन भरा. चेनसॉला दिवसाला किती लागतं? स्कूटरला परवडणार नाही ते इथे परवडतं.

मिश्रण एका आठवड्याला पुरेल इतकंच करा. १:५० म्हणजे लिटरला २० मिलि ऑइल, १:२५ म्हणजे ४० मिलि. काही पुस्तिकांत कंपनीचं ऑइल असेल तर १:५० आणि दुसरं टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) असेल तर १:२५ असं असतं, ते नीट वाचा. "अंदाजे एक झाकण" हे माप नाही. आठ-पंधरा दिवस काम नसेल तर टाकी रिकामी करा, मशीन चालू करून आपोआप बंद पडू द्या. आमच्याकडे श्रावणात काम थंडावलं की हे ठरलेलं.

चेन ऑइलच्या जागी गाडीचं जळकं ऑइल ओतणं सगळीकडे चालतं. ते फुकट असतं हे खरं. त्यात धातूचा चुरा असतो जो बार आणि पंप खातो, आणि ते फवाऱ्यासारखं उडून गड्याच्या कपड्यांवर, मातीवर बसतं. चेन ऑइल महाग वाटलं तर नवं साधं तीस ग्रेडचं ऑइल टाका. जळकं नको.

काउंटरवर बघायच्या चार गोष्टी

पुढची मूठ डाव्या हातात धरून मनगटानं पुढचा आडवा दांडा ढकला. चेन ब्रेक खटकन लागला पाहिजे, आणि लागल्यावर चेन हातमोज्यानं ओढून हलता कामा नये. मशीनचा बार लाकडात टोकाशी अडकून उसळी मारतो तेव्हा तोंड आणि चेन यांच्यामध्ये एवढा एक दांडाच असतो. मग ट्रिगर दाबून बघा, मागचं लॉक दाबल्याशिवाय तो दाबला जाऊ नये. बारच्या खाली चेन पकडायचा आकडा आहे का बघा, तुटलेली चेन मागे येताना तो अडवतो. मागच्या मुठीचा तळ रुंद असावा, उजव्या हाताच्या संरक्षणासाठी. स्वस्तातल्या मशीनांत यातलं एखादं नसतं किंवा असून हलत असतं.

मशीनच्या किमतीत हेल्मेट-जाळी, कानाचे मफ आणि पायावरचे चॅप्स धरा. चॅप्समध्ये लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की धागे स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि चेन थांबते. उन्हाळ्यात ते घालायला गडी कुरकुरतात. आमच्याकडे चॅप्स नाही तर मशीन नाही.

जुन्या बाजारातलं, ऑनलाइन आणि बॅटरीचं

बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चेनसॉ दिसतात, चांगल्या कंपन्यांचेही. सीरियल नंबर घासलेला असेल तर हातही लावू नका. बाकी असेल तर वर सांगितलेली दोरीची आणि सायलेन्सरची तपासणी करू देणाऱ्याकडूनच घ्या. ऑनलाइनवर भाव बघावा, मशीन तिथून घेऊ नये, हे वरचं सगळं वाचल्यावर सांगायला नकोच.

बॅटरीची मशीनं आता बरी येतात. सोसायटीत आवाजाच्या तक्रारी नाहीत, दोरी नाही, पेट्रोल नाही. फांद्यांच्या कामाला आम्ही एक ठेवलंय. पण दिवसभर बुंधे कापायचे म्हटलं तर बॅटऱ्यांचा खर्च मशीनपेक्षा वर जातो, आणि मुळशीत चार्जिंगला वीज असेलच याची हमी कोण देणार.

आणि मशीन आलं म्हणून झाडाला लावू नका. महापालिका हद्दीत झाड तोडायला, अगदी स्वतःच्या आवारातलंही, १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते; मोठ्या छाटणीलाही आधी उद्यान विभागात विचारा. सोसायटीकडून परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय आम्ही टेम्पो काढत नाही.

घरी आणताना

आम्ही शेवटी एमएस २५० घेतलं, १६ इंची बार, वर सांगितलेल्या खोक्यांवर पार्ट नंबर असलेल्या दुकानातून. पेट्रोलचं बंधन माहीत असून घेतलं; त्याच्यासाठी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा कॅन वेगळा, लाल पट्टी मारलेला. कंपनं ५० सीसीच्या भारी मशीनपेक्षा जास्त जाणवतात, म्हणून दोघांनी आलटून पालटून धरायचं. हलकं आहे, पार्ट दहा मिनिटांत मिळतात, आणि गड्यांना ते उघडता येतं.

दुकानातून बाहेर पडायच्या आधी मशीन त्यांच्याकडूनच चालू करून घ्या. बारचं टोक पुठ्ठ्याच्या तुकड्यासमोर वीतभर अंतरावर धरून वेग द्यायला सांगा. पुठ्ठ्यावर ऑइलची बारीक रेघ उमटली म्हणजे पंप चालू आहे. पाच मिनिटं चालवून बंद करा, दुकानदाराशी थोडं बोला, आणि परत चालू करायला सांगा. एका-दोन ओढींत झालं पाहिजे. नवी चेन पहिल्या दिवशी ताणते, म्हणून दोन-चार काप झाल्यावर थांबून, चेन गार झाल्यावर ताण बघा: बारच्या खालच्या बाजूला चिकटलेली असावी आणि हातमोज्यानं ओढून फिरावी. गरम असताना आवळलेली चेन गार झाली की आकसते आणि बार-क्रँक दोन्हीवर जोर येतो.

दुसरी चेन आणि कानस त्याच बिलात घ्या. ०.३२५ ला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, दाताच्या वरच्या कडेचा कोन ३० अंश, आणि पुढच्या बुटक्या दाताची उंची कापणाऱ्या दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली ठेवायची. त्यासाठी चपटी कानस आणि पत्र्याचं छोटं माप वेगळं मिळतं. दुकानदार ५.२ ची कानस "चालते" म्हणून देईल. ती मोठ्या ३/८ पिचची आहे, परत करा आणि ४.८ घ्या.